घोडीचं तोंड कुठे?

मित्रांनो, मी आता जे सांगणार आहे त्यावर तुमचा विश्वास बसणार नाही. या दुकानात ज्यांना ज्यांना मी हे सांगितलं, त्यांच्यापैकी एकाचाही बसलेला नाही. एका व्हायोलिननं तर ऐकता ऐकता तोंड भिंतीकडे फिरवलं आणि विकलं जाईपर्यंत ते तसंच बसलं. पण खऱ्या गोष्टीची गंमतच अशी असते की ती खोटी वाटते. आणि माझी गोष्ट इतकी खरी आहे की कधीकधी मलाच शंका येते.

मी एक जुनी इलेक्ट्रिक गिटार आहे. या भिंतीवर, छताच्या अगदी जवळच्या खुंटीला मला लटकवलेलं आहे. खालच्या रांगेत तुम्ही सगळे नवे कोरे, चकचकीत. त्या टोकाला ती चिमुकली चार तारांची युकुलेले, जिला आपण सगळे चिमणी म्हणतो. आणि माझ्या बरोबर खाली जमिनीवर तो काळा चौकोनी खोका दिसतो ना, स्वतःचीच वायर अंगाला गुंडाळून पडलेला? तो माझा भोंगा. माझ्या तारा हलायच्या आणि आवाज त्याच्या तोंडातून बाहेर पडायचा. त्याला सगळे खोकाच म्हणतात. सध्या तो झोपला आहे. झोपू द्या. तो जागा असला की मला मोकळेपणानं गोष्ट सांगता येत नाही.

माझं लाकूड ज्या झाडाचं, त्या झाडावर बसण्याआधी पाखरं घसा खाकरून घ्यायची. बेसूर पाखराला ते झाड फांदी हलवून उडवून लावायचं. कारखान्यात मला लाल रंग दिला गेला तो इतका चकचकीत, की पॉलिश करणारी बाई माझ्यात बघून म्हणाली, "बाई गं, केस विंचरायला हवेत!" आणि माझ्या पोटातली चुंबकं? पहिल्याच कार्यक्रमात समोर बसलेल्या एका काकूंच्या अंबाड्यातल्या सगळ्या पिना मी ओढून घेतल्या होत्या. हसू नका. काकूही हसल्या नव्हत्या.

आता माझ्या अंगाची थोडी ओळख करून देते, कारण पुढचं सगळं महाभारत एवढ्याशा जागेवरून झालं. माझ्या मानेवर या धातूच्या आडव्या पट्ट्या आहेत, त्यांना पडदे म्हणतात. पडद्यामागे बोट दाबलं की तार तिथून आखूड होते आणि स्वर वर जातो. तारेचं एक टोक माझ्या डोक्याकडच्या खुंट्यांना बांधलेलं असतं. दुसरं टोक इकडे, पोटाकडे, धातूच्या एका छोट्या तुकड्यावर टेकतं. त्या तुकड्याला आमचे कारागीर घोडी म्हणतात. तार तिच्या पाठीवर बसते म्हणून घोडी. प्रत्येक तारेला तिची तिची घोडी. घोडीच्या मागे एक बारीक स्क्रू असतो. तो फिरवला की घोडी कणभर मानेकडे सरकते, नाहीतर कणभर शेपटीकडे, म्हणजे मानेच्या उलट, माझ्या बुडाकडे. त्या कणभरात तार लांब किंवा आखूड होते. खालचे स्वर त्याकडे फारसं लक्ष देत नाहीत. पण वर, बाराव्या पडद्याच्या पुढे गेलं की तोच कण डोंगराएवढा होतो.

मला विकत घेतलं ते दादानं. दादा चष्म्याच्या दुकानात कामाला होता. गिऱ्हाइकाच्या नाकावर ती लोखंडी फ्रेम चढवून, एकामागून एक भिंगं बदलत तो विचारायचा, "आता बरं दिसतंय, की मघाशी बरं होतं?" गिऱ्हाईक गोंधळलं तर पुन्हा पहिलं भिंग घालायचा. "घाई नाही. नीट सांगा. आता, की मघाशी?" शंभरदा विचारायचा. वैतागायचा नाही. तुम्ही हे लक्षात ठेवा. मी तर विसरायचं म्हटलं तरी विसरू शकत नाही.

त्यांचं घर एका लाँड्रीच्या वरच्या मजल्यावर होतं. इस्त्रीची वाफ जिन्यातून वर यायची आणि तिनं माझी मान फुगायची. एक कपाट होतं, त्याचं दार बंद राहायचं नाही म्हणून फटीत घडी केलेला कागद खुपसलेला असायचा. एक शिवणयंत्र होतं, ते आईचं. आणि तिथेच कोपऱ्यात भांडी पुसत उभी असायची दादाची बहीण, धाकटी. तिला घरात सगळे धाकटीच म्हणत.

मित्रांनो, मी पुष्कळ कान पाहिले आहेत. लांब, आखूड, डूल घातलेले, मळलेले. पण धाकटीसारखा कान पाहिला नाही. ही थाप नाही. खालच्या लाँड्रीतलं वाफेचं यंत्र शिट्टी मारायचं, आणि ही वर ताट पुसता पुसता अगदी त्याच सुरात त्याला उत्तर द्यायची. लाँड्रीवाला खालून ओरडायचा, "धाकटे, यंत्राला वाटतंय दुसरं यंत्र आलंय!" दाराची बिजागरी कुरकुरली तर ती म्हणायची, "आज ही खाली उतरलीय. तेल घाला." तेल घातलं की बिजागरी गप्प व्हायची आणि धाकटी हिरमुसायची.

दादा वाजवायचा, धाकटी गायची. दादानं तिच्यासाठी एक चाल बांधली होती. त्या चालीच्या शेवटी आम्ही दोघी, ती गळ्यानं आणि मी तारांनी, एकाच वेळी एकेक स्वर वर चढत जायचो आणि सगळ्यात वरच्या स्वरावर जाऊन थांबायचो. त्या जागेला ते दोघं 'जिना' म्हणायचे. "जिना घेऊ या?" दादा विचारायचा. "घे," ती म्हणायची. आणि आम्ही हातात हात घालून वर जायचो. वरच्या पायरीवर आमचे दोन आवाज एक व्हायचे, तेव्हा कपाटाच्या फटीतला कागद थरथरून खाली पडायचा. आई शिवण थांबवून म्हणायची, "पाडलात परत? आता उचला." पण म्हणताना ती हसत असायची.

मग ढोल्या आला.

ढोल्या दादाचा मित्र. माल पोचवायची गाडी चालवायचा आणि ड्रम वाजवायचा. अंगानं ड्रमसारखाच गोल, म्हणून ढोल्या. वाईट माणूस नव्हता तो. पण त्याला शांतता सहन व्हायची नाही. त्यानं माझ्या तारांना बोट लावून बघितलं आणि म्हणाला, "ह्या तारा आहेत का दात कोरायचा धागा? जाड लाव रे जरा. माझ्या ड्रमसमोर ऐकू तरी आली पाहिजे."

दादानं जाड तारा लावल्या. जाड तारेचा ताण जास्त. माझी मान थोडी वाकली, तारा पडद्यांपासून उंच झाल्या. उंच झालेली तार दाबायला जोर लागतो, आणि जोर लावला की स्वर ताणला जातो. वर ताणला जातो. पहिल्याच दिवशी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर धाकटीनं डोळे उघडले.

"दादा, वर गेल्यावर चढतंय."

"काय चढतंय?"

"गिटार. शेवटच्या पायरीवर. थोडंसंच."

तेव्हा दादा ऐकणारा होता. त्यानं लगेच कारागिराला फोन लावला. कारागीर म्हणजे पेचकसकाका, याच दुकानाचे मालक, ते बघा तिकडे पाठमोरे बसलेत. शर्टाच्या खिशात कायम पेचकस, म्हणून नाव पेचकस. त्या वेळी त्यांनी ओठांत एक स्क्रू धरलेला असावा, कारण फोनमधून शब्द अर्धेच येत होते.

"वल चलतंय? घोली मागे घ्या थोली."

"मागे?"

"मागे, मागे. जलाशी." आणि फोन बंद.

आता तुम्हीच सांगा, मागे म्हणजे कुठे?

पेचकसकाकांच्या मते घोडीचं तोंड मानेकडे. तार पुढे धावते, घोडीही तिकडेच तोंड करून उभी. त्यामुळे मागे म्हणजे शेपटीकडे. तिकडे सरकवली असती तर तार कणभर लांबली असती, स्वर उतरला असता, आणि मी आज या भिंतीवर नसते. पण दादानं मला मांडीवर घेतलं, घोडीकडे बघितलं आणि त्याला दिसलं स्क्रूचं डोकं. ते होतं शेपटीकडे.

"घोडीचं तोंड इकडे," दादा ढोल्याला म्हणाला. "हे बघ, डोकं इकडे आहे. म्हणजे मागे म्हणजे मानेकडे."

"बरोबर," ढोल्या म्हणाला. "घोडी काय शेपटीनं चरते?"

दोघं हसले. दादानं बारीक पेचकस घेतला आणि सगळ्या घोड्या एकेक करून मानेकडे हाकल्या. मी ओरडत होते, मित्रांनो. पण वायर काढलेली होती. आणि वायर नसली की माझ्या ओरडण्याला कोण विचारतो?

मग दादानं सूर जुळवायचं एक छोटं यंत्र माझ्या डोक्याला चिमट्यासारखं लावलं. मोकळी तार छेडली. यंत्रावर हिरवा दिवा लागला. दुसरी तार, हिरवा दिवा. सगळ्या हिरव्या. लागणारच! मोकळी तार खुंटी पिळून कुणालाही जुळवता येते. चूक मोकळ्या तारेत नव्हतीच. चूक वर होती. एकदा, फक्त एकदा बाराव्या पडद्यावर बोट नुसतं टेकवून घंटीसारखा स्वर काढायचा, मग तिथेच बोट दाबून स्वर काढायचा, आणि दोन्ही सारखे आहेत का ते ऐकायचं. एवढी साधी गोष्ट. चष्म्याच्या दुकानात दादा दिवसभर हेच करायचा. आता, की मघाशी?

त्यानं केलं नाही. त्यानं जिना वाजवला. धाकटी वर पोचली आणि थांबली.

"दादा, आणखीनच चढलंय."

"असं कसं होईल? घोडी मागे घेतलीय. दिवा बघ. हिरवा आहे ना?"

"हिरवा आहे. पण मला चढलेलं ऐकू येतंय."

"यंत्र खोटं बोलतंय का मग?"

ढोल्यानं काठीनं ड्रमवर टिचकी मारली. "बाईसाहेब, तुमचाच सूर कणसूर लागतोय हल्ली."

कणसूर! मित्रांनो, बेसूर परवडला. बेसूर माणसाला लोक हसतात आणि सोडून देतात. कणसूर म्हणजे कणभर चुकलेला. त्याला कुणी हसत नाही. नुसत्या भुवया उंचावतात. आणि भुवया उंचावलेल्या माणसाला उत्तर काय द्यायचं? ढोल्यानं कणसूरवरून तिचं नाव ठेवलं कणी. "कणी आली का?" "कणी, जरा पाणी दे." नाव चिकटलं. दादाच्याही तोंडात बसलं.

आई एकदा शिवणयंत्रावरून मान न उचलता म्हणाली होती, "ती एवढं म्हणतेय तर बघ की एकदा परत. लहानपणी झोपेतही हिचा सूर हलायचा नाही."

"आई, यंत्र आहे माझ्याकडे. त्यापुढे आता काय बघू?"

धाकटीनं मग काय केलं माहीत आहे? कानाच्या डॉक्टरकडे गेली. खरंच. डॉक्टरांनी कानात दिवा घालून बघितलं, बंद खोलीत बसवून शिट्ट्या ऐकवल्या आणि म्हणाले, "बाई, असे कान मला मिळाले असते तर मी डॉक्टर झालो नसतो." तिनं घरी येऊन सांगितलं. तिला वाटलं, आता तरी. ढोल्या म्हणाला, "कान ठीक आहेत ना? मग गळा दाखव."

दादा हसला. मोठ्यानं नाही. पण हसला.

त्यानंतर तिनं माझ्याशी जुळवून घ्यायला सुरुवात केली. वरच्या पायरीवर मी चढलेली, म्हणून तीही आपला बरोबर स्वर सोडून वर ओढायची. पण मग खालच्या स्वरांशी तिचा मेळ बसेना, कारण खाली मी बरोबर होते. खाली एक, वर दुसरं. माझ्याच एका अंगाचं दुसऱ्या अंगाशी पटत नव्हतं आणि मी त्या बिचारीला मधोमध ओढत होते. ती घसा शेकायची, गरम पाणी प्यायची. खालच्या यंत्राची शिट्टी झाली की आधी ऐकायची, थांबायची, आणि मग उत्तर द्यायची. आधी ती कधीच थांबत नसे.

मग पंख्याच्या कारखान्याचा वार्षिक समारंभ ठरला. शहरातला सगळ्यात मोठा हॉल. हॉलचा व्यवस्थापक दादाला म्हणाला होता, रंगलं तर दर शनिवारी तुम्हीच. धाकटीनं आईकडून नवा झगा शिवून घेतला, निळा. समारंभाच्या दिवशी दुपारी त्यावर इस्त्री करायला ती स्वतः लाँड्रीत गेली, आणि लाँड्रीवाल्यानं विचारलं, "काय गं, आज यंत्राशी बोलत नाहीस?" ती म्हणाली, "आज आवाज राखून ठेवलाय."

हॉलचा लाऊडस्पीकर ऐन वेळी बंद पडला. म्हणून तिचा माईकही आमच्या खोक्यातच खुपसला. आम्हा दोघींचा आवाज एकाच तोंडातून जाणार होता. पहिल्या रांगेत कारखान्याचे मालक, त्यांच्यामागे सगळे कामगार, बायकामुलं. गाणं चांगलं चाललं होतं. खाली सगळं चांगलंच असायचं. मग जिना आला. दादानं तिच्याकडे बघितलं. ती वर चढू लागली, मीही. आणि शेवटच्या पायरीवर तिनं काय केलं असेल?

ती माझ्याशी जुळवून घ्यायला गेली नाही. इतक्या दिवसांनी, त्या दिवशी, तिनं आपला खरा स्वर लावला. शुद्ध. स्वच्छ. आणि मी कणभर वर. दोन आवाज एकमेकांवर घासले. मालकांनी दातदुखी झाल्यासारखा गाल धरला.

दादा तिच्याकडे झुकला आणि दातओठ खाऊन पुटपुटला, "सूर सांभाळ, कणी."

माईक दोघांच्या मध्ये होता. ते पुटपुटणं खोक्यातून गेलं आणि शेवटच्या रांगेपर्यंत पोचलं. सूर सांभाळ, कणी. कुणीतरी हसलं. मग आणखी कुणीतरी.

धाकटी गायची थांबली. रडली वगैरे नाही. माईक खुर्चीवर ठेवला, त्याची वायर पायात येणार नाही अशी बाजूला केली, आणि पायऱ्या उतरून गेली. मी एकटीच वरच्या स्वरावर वाजत राहिले. चुकीच्या स्वरावर.

त्या घरात पुन्हा गाणं झालं नाही. ताटं पुसली जायची. खालून यंत्र शिट्टी मारायचं, वरून उत्तर जायचं नाही. थोड्याच दिवसांत तिनं बसस्टँडवर नोकरी धरली. काचेच्या खोलीत बसून माईकवर सांगायचं, अमुक गाडी अमुक फलाटावर लागली आहे, प्रवाशांनी लक्ष द्यावं. सगळं एकाच सुरात. एकाच सुरात बोललं की कुणाला चूक काढता येत नाही. दादा मला एकदा त्या स्टँडवरून घेऊन चालला होता, तेव्हा ऐकलं मी. वर नाही, खाली नाही. इस्त्री केल्यासारखा आवाज.

माझं काय झालं? दुसरी एक गायिका आली. ती सगळेच स्वर अंदाजानं लावायची, त्यामुळे माझं चढणं कुणाच्याच लक्षात आलं नाही. उलट लोक वाहवा करायचे. माझ्या आयुष्यातली सगळ्यात जास्त वाहवा मला मी चुकीची असताना मिळाली. मग ढोल्याचं लग्न झालं, गायिका दुसऱ्या गावी गेली, आणि दादानं मला दारामागच्या खिळ्याला अडकवलं. लोक येता जाता माझ्या मानेवर ओल्या छत्र्या लटकवायचे. पडद्यांवर हिरवा थर चढला. तारा गंजल्या. कुणी पाहुण्यानं विचारलं, "ही वाजवत नाहीस आता?" तर दादा म्हणायचा, "गिटार फार चांगली होती. पण गळ्यानं साथ दिली नाही." स्वयंपाकघराचं दार उघडंच असायचं. धाकटी आतच असायची.

तसाच पुष्कळ काळ गेला. दादाचं लग्न झालं, मुलगी झाली, मोठी झाली आणि एक दिवस म्हणाली, "बाबा, मला ही शिकायचीय." दादानं छत्र्या काढल्या, मला आणि खोक्याला रिक्षात घातलं आणि पेचकसकाकांकडे आणलं.

पेचकसकाकांनी मला टेबलावर आडवं घातलं. आधी गंजलेल्या तारा काढून नव्या लावल्या. "जुन्या तारेवर सूर तपासू नये. ती मेलेली असते, तिला काय विचारायचं?" मग मान सरळ केली. मग तारांची उंची उतरवली. चुंबकं तारांच्या फार जवळ नाहीत ना, तेही बघितलं. "घोडी सगळ्यात शेवटी," ते म्हणाले. "आधी घोडीला हात लावला की कामाचा विचका." आणि मग त्यांनी बाराव्या पडद्यावर बोट टेकवलं. घंटी वाजली. बोट दाबलं.

"अरे देवा! ह्या घोड्या मानेत घुसायच्या बाकी आहेत! कुणी हाकलल्या?"

"तुम्हीच सांगितलं होतं," दादा म्हणाला. "फोनवर. मागे घ्या म्हणून."

"मागे म्हणजे शेपटीकडे!"

"मी म्हटलं, डोकं शेपटीकडे आहे, तर तोंडही..."

"अहो ते स्क्रूचं डोकं! घोडीचं नाही!"

"मग तुम्ही नीट सांगायचं ना, घोडीचं तोंड कुठे ते!"

"मला काय माहीत तुमची घोडी उलटी उभी आहे!"

दोघं हसायला लागले. पेचकसकाकांना ठसका लागला. दादानं डोळे पुसले. चहा मागवला. ते हसत होते, मित्रांनो, आणि मी टेबलावर आडवी पडून ऐकत होते. एका माणसानं ओठांतला स्क्रू काढला नाही, दुसऱ्यानं पुन्हा विचारलं नाही, आणि त्यांना ते इतकं मजेशीर वाटत होतं.

हसून झाल्यावर पेचकसकाका घोड्या शेपटीकडे घेत सहज म्हणाले, "पण एवढं चढलं होतं म्हणजे तेव्हा कुणाच्या तरी कानाला लागायला हवं होतं. कुणाच्याच लक्षात आलं नाही?"

दादानं कप बशीत ठेवला.

"आलं होतं," तो म्हणाला.

आता ऐका, मित्रांनो, कारण इथूनच पुढचं कुणाला पटत नाही. दादा तिथून उठला, मला पाठीवर टाकलं आणि तडक बसस्टँडवर गेला. धावत! काचेची खोली उघडली. धाकटी माईकवर गाडी सांगत होती. दादानं माईक आपल्याकडे ओढला आणि सगळ्या स्टँडला सांगितलं, "प्रवाशांनी लक्ष द्यावं! माझी बहीण कधीच कणसूर नव्हती. चुकलो ते मी. माझी घोडी उलटी होती!" ड्रायव्हरांनी इंजिनं बंद केली. कंडक्टर टोप्या काढून उभे राहिले. एक बस निघाली होती, ती उलटी फिरून परत आली, आतल्या माणसांना ऐकायचं होतं म्हणून. दादानं माझ्यावर जिना छेडला. धाकटीनं डोळे मिटले आणि गायली. शेवटच्या पायरीवर आम्ही दोघी एक झालो, अगदी एक, आणि स्टँडवरच्या सगळ्या गाड्यांच्या काचा थरथरल्या, जसा पूर्वी आमच्या कपाटाच्या फटीतला कागद थरथरायचा.

म्हणून सांगते, मित्रांनो, तुम्हीही उद्या कुणाच्या तरी घरी जाल. तिथल्या माणसांना एवढंच सांगा. तारा म्हाताऱ्या झाल्या की बदला. मानेवर ओली छत्री अडकवू नका. मोकळ्या तारेचा हिरवा दिवा बघून समाधान मानू नका, वरच्या पडद्यावरही एकदा कान लावा. आणि घरात कुणी हळूच म्हणालं की मला चढलेलं ऐकू येतंय, तर त्याला कानाच्या डॉक्टरकडे पाठवण्याआधी...

"थापा!"

कोण बोललं? चिमणी, तू बोललीस?

"मी नाही," चिमणी म्हणाली. "खाली बघा."

"मी बोललो," खोका म्हणाला. "स्टँडवर वाजलीस म्हणे! माझ्याशिवाय? माझ्याशिवाय तुझा आवाज शेजारच्या खुंटीला तरी ऐकू जातो का गं, म्हातारे?"

"झोप तू."

"नाही झोपत. सूर सांभाळ, कणी. हे माझ्या तोंडातून गेलंय, तुझ्या नाही."

"मग ती गायली नाही?" चिमणीनं विचारलं.

"कसली गातेय! दादा आम्हाला घेऊन घरी गेला. स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला. आत दुसरं कुणी नाही असं बघून हळूच सांगितलं तिला, अगं, घोडी उलटी होती, तूच बरोबर होतीस. ती ताट पुसत होती. दुसऱ्या दिवशी त्यानं आम्हा दोघांना इथे आणून टाकलं आणि मुलीला पोहायला घातलं."

"आणि ती काही बोललीच नाही?"

"बोलली ना," खोका म्हणाला. "ताट पुसायचं न थांबवता म्हणाली, 'त्या दिवशी माईकवर बोलला होतास, दादा.'"